वीस मायक्रोलिटरचा इतिहास : उच्चदाब वर्णलेखनातील सिरिंज आणि पांढुर्णा-सौंसरची संत्री

प्रस्तावना :
मध्य प्रदेशातील पांढुर्णा व सौंसर हे तालुके पूर्वी छिंदवाडा जिल्ह्यात होते. २०२३ मध्ये त्यांचा मिळून पांढुर्णा जिल्हा झाला. विदर्भाला लागून असलेल्या या मराठीभाषक पट्ट्यात नागपुरी संत्र्याच्या बागा आहेत. हे फळ खाताना गोड लागते. परंतु काढून ठेवलेला रस काही तासांनी किंवा तापवल्यावर कडवट होतो. ताज्या फळाचा भाव पडला म्हणजे रस काढून विकावा, हा बागायतदाराचा मार्ग या कडवटपणामुळे अडतो. हा दोष मोजण्याचे प्रमुख साधन म्हणजे उच्चदाब द्रव वर्णलेखन, अर्थात एचपीएलसी. त्या यंत्रात नमुना सोडणाऱ्या सिरिंजचा इतिहास प्रस्तुत लेखात पाहावयाचा आहे.

कडवटपणाचे कारण :
संत्र्याच्या पेशींत लिमोनिनचे कडू नसलेले पूर्वरूप असते. फळ पिळल्यावर ते आम्लरसात मिसळते व हळूहळू कडू लिमोनिन तयार होते. लिटरमागे काही मिलिग्रॅम लिमोनिनही जिभेला जाणवते. एवढे अल्प प्रमाण मोजायचे तर यंत्रात जाणाऱ्या नमुन्याचे आकारमान नेमके ठाऊक असलेच पाहिजे.

सिरिंजचा प्रवास :
रशियन वनस्पतिशास्त्रज्ञ त्स्वेत यांनी १९०३ मध्ये वॉर्सा येथे पानांतील रंगद्रव्ये वेगळी करण्याची आपली पद्धती मांडली. तेव्हा द्रव स्वतःच्या वजनाने नळीतून उतरे. नमुना वरून ओतला तरी भागत असे. १९४१ मध्ये मार्टिन व सिंज यांनी अतिसूक्ष्म कण व मोठा दाब वापरल्यास पृथक्करण सुधारेल, असे लिहून ठेवले. (दोघांना १९५२ चे नोबेल पारितोषिक मिळाले.) ही कल्पना साकार होण्यास सुमारे पंचवीस वर्षे लागली. १९६० च्या दशकात येल विद्यापीठातील होर्व्हाथ आदींनी असे यंत्र उभारले.

दरम्यान, अमेरिकेतील क्लार्क हॅमिल्टन यांची मायक्रोलिटर मोजणारी काचेची सिरिंज १९५० च्या दशकात प्रयोगशाळांत रूढ होऊ लागली. वायू वर्णलेखनात तिची टोकदार सुई रबरी पडद्यातून आत खुपसली जाई. द्रव वर्णलेखनानेही प्रथम हीच रीत उचलली. परंतु दाब वाढताच पडदा गळू लागला, रबराचे तुकडे नळीत अडकू लागले व दट्ट्या मागे ढकलला जाऊ लागला. काही ठिकाणी पंप थांबवून नमुना सोडावा लागे.

१९७० च्या दशकात सहा छिद्रांच्या फिरत्या झडपेने हा प्रश्न सोडवला. सिरिंज साध्या दाबाखाली एका बारीक नळीचे वेटोळे भरते. मूठ फिरवली की पंपाचा प्रवाह तो नमुना पुढे नेतो. वेटोळे बहुधा २० मायक्रोलिटरचे असते. ते पूर्ण भरायचे तर दोन-तीन पट किंवा अधिक नमुना सोडावा लागतो, कारण नळीच्या कडेचा द्रव मागे रेंगाळतो. अर्धवट भरण्याच्या रीतीत मात्र वेटोळ्याच्या निम्म्याहून अधिक नमुना घेऊ नये.

अध्यापकांसाठी :
या बदलाने सुईही बदलली. झडपेसाठी २२ गेजची, सपाट कापलेल्या टोकाची सुई लागते. वायू वर्णलेखनाची टोकदार सुई घातल्यास झडपेतील मऊ सील ओरखडते, नमुना झिरपतो व आकडे चुकतात. संत्र्याचा रस प्रथम गाळून घेणेही आवश्यक. अन्यथा गराचे कण वेटोळ्यात व स्तंभात बसतात.

निष्कर्ष :
पूर्वी अचूकता विश्लेषकाच्या अंगठ्यावर अवलंबून होती. पुढे ती वेटोळ्याकडे गेली. तथापि हाताचे महत्त्व संपले नाही. वेटोळे नीट भरले नाही, तर कडू रस गोड ठरेल किंवा चांगला रस नाकारला जाईल, आणि त्याची किंमत बागायतदार मोजील. म्हणून प्रात्यक्षिकात विद्यार्थ्याला सुईचे टोक प्रथम दाखवावे, यंत्राचा पडदा नंतर.