घड्याळ आणि गालिचा

१९५८ साली डेव्हिड ओगिल्वी या जाहिरातकाराने रोल्स-रॉइससाठी लिहिलेली एक जाहिरात पुढे त्या व्यवसायाच्या इतिहासात अजरामर झाली. ताशी साठ मैलांच्या वेगाने जाणाऱ्या या मोटारीत सर्वांत मोठा आवाज कशाचा, तर विजेवर चालणाऱ्या घड्याळाचा, असा तिच्या मथळ्याचा आशय होता. कल्पना ओगिल्वीची स्वतःची नव्हती. ती त्याने एका ब्रिटिश मोटार-नियतकालिकातील परीक्षणातून उचलली होती, आणि १९३३ साली पिअर्स-ॲरो या अमेरिकी मोटारीच्या जाहिरातीतही जवळपास हेच म्हटले गेले होते. मथळा वाचून कारखान्यातला एक अभियंता म्हणे हळहळला, की आता त्या घड्याळाचे काहीतरी केले पाहिजे. ही कथा ओगिल्वीनेच सांगितलेली असल्यामुळे तिच्यावर किती विश्वास ठेवायचा हे ज्याचे त्याने ठरवावे.

त्यानंतर चौदा वर्षांनी, ऑक्टोबर १९७२ मध्ये, पॅरिसच्या मोटार-प्रदर्शनात पोर्शने '९११ करेरा आरएस २.७' ही क्रीडामोटार मांडली. तिच्या हलक्या आवृत्तीत घड्याळ बसवलेलेच नव्हते. गालिचा नव्हता, मागची आसने नव्हती, हात टेकायला आधार नव्हता, कोट अडकवायचा आकडाही नव्हता. आणि पत्र्याचा आवाज दाबणारे थरही काढून टाकलेले होते. एका मोटारीत घड्याळाखेरीज काहीच ऐकू येत नाही म्हणून ती श्रेष्ठ. दुसरीत घड्याळच नाही म्हणून ती श्रेष्ठ. या दोन श्रेष्ठत्वांच्या मधल्या जागेत, रस्त्याचा आवाज गाडीत किती येऊ द्यावा, या प्रश्नाचा इतिहास आहे.

शांततेची ही ओढ मोटारीइतकीच जुनी आहे. रोल्स-रॉइसच्या १९०७ सालच्या प्रसिद्ध गाडीला 'सिल्व्हर घोस्ट', म्हणजे रुपेरी भूत, हे नाव मिळाले ते तिच्या निःशब्द चालीमुळेच. त्याच सुमारास चार्ल्स नाइट या अमेरिकी संशोधकाने झडपांऐवजी सरकत्या नळ्या वापरणारे इंजिन तयार केले आणि इंग्लंडच्या डेमलर कंपनीने ते उचलून धरले. त्या काळचा शत्रू झडपांची खडखड आणि दातेरी चाकांची किरकिर हा होता. रस्त्याचा आवाज तेव्हा नव्हता काय? होताच, पण इंजिनाच्या गदारोळात तो कोणाच्या कानावर येत नव्हता. मोठा आवाज लहान आवाजाला झाकतो, आणि मोठा शमला की झाकलेला वर येतो. ध्वनिरोधनाच्या साऱ्या इतिहासात हीच गोष्ट पुन्हा पुन्हा घडलेली दिसते.

पुढची पायरी छताने आणली. जनरल मोटर्सचे आल्फ्रेड स्लोन यांच्या आकडेवारीनुसार अमेरिकेत १९१९ साली बंद मोटारींचे प्रमाण सुमारे १० टक्के होते, ते १९२७ पर्यंत ८५ टक्क्यांवर गेले. ऊन, पाऊस, धूळ बाहेर राहिली. पण चहूबाजूंनी पत्रा मढवलेली खोली म्हणजे एक मोठा डफच. खालून चाकांनी दिलेला प्रत्येक धक्का तिच्यात घुमू लागला. लाकडी सांगाडा जाऊन संपूर्ण पोलादी साटे आले तसा हा घुमारा वाढत गेला. तो दाबण्यासाठी नमदा, ताग, डांबर असे हाताला येईल ते वापरले जाई. त्यामागचे गणित मात्र बरेच उशिरा मांडले गेले. १९५२ साली हेर्मान ओबर्स्ट या जर्मन शास्त्रज्ञाने पातळ पत्र्यावर घट्ट चिकटलेला थर त्याची कंपने कशी गिळतो याचा सिद्धान्त प्रसिद्ध केला. तो थर वरून आणखी एका पातळ पत्र्याने दाबून धरल्यास परिणाम कितीतरी वाढतो, हे १९५९ साली अमेरिकेत एडवर्ड केरविन यांनी दाखवून दिले. थर ताणला-पिळला जातो आणि कंपनाची ऊर्जा किंचित उष्णता होऊन विरते. आज बाजारात ॲल्युमिनियमच्या वर्खाखाली ब्यूटिल रबर असलेली जी चिकट पट्टी मिळते, ती या दोन निबंधांचीच वंशज आहे. कारखान्यांत मात्र दीर्घकाळ राज्य केले ते डांबराच्या चादरीने. ती तळपत्र्यावर नुसती अंथरायची. रंग भाजण्याच्या भट्टीत गाडी गेली की ती वितळून पत्र्याशी एकजीव होते.

पण पोर्शच्या त्या गाडीकडे परत येऊ, कारण प्रश्न तिथे उघड्यावर आला. शर्यतीच्या नियमांसाठी पोर्शला अशा पाचशे गाड्या बनवून विकणे भाग होते, आणि इतक्या उघड्यावाघड्या गाडीला पाचशे गिऱ्हाइके मिळतील याची विक्रीविभागाला खात्री वाटत नव्हती. म्हणून दोन पर्याय ठेवले गेले. मूळ किंमत ३४,००० मार्क. ७०० मार्क जास्त दिले तर 'स्पोर्ट' आवृत्ती, वजन ९६० किलो. २,५०० मार्क जास्त दिले तर गालिचा, आसने, घड्याळ आणि ध्वनिरोधक थर परत देणारी 'टूरिंग' आवृत्ती, वजन १,०७५ किलो. इंजिन तेच, २१० अश्वशक्तीचे. म्हणजे एकशे पंधरा किलोंचा फरक हा मुख्यतः सुखसोयींचा. ताशी शंभर किलोमीटरचा वेग गाठायला एकीला ५.८ सेकंद लागत, दुसरीला ६.३. शांततेचे मोल अर्ध्या सेकंदात मोजून दाखवणारा इतका स्वच्छ प्रयोग उद्योगाच्या इतिहासात क्वचितच झाला असेल, आणि तोही कोणी प्रयोग म्हणून केलेला नव्हता.

निकालही स्वच्छ लागला. पाचशे गाड्या नोव्हेंबरअखेर संपल्या. एकूण १,५८० बनल्या. त्यांत हलकी आवृत्ती घेणारे २०० आणि गालिचावाली घेणारे १,३०८. उरलेल्या बहुतेक निव्वळ शर्यतीच्या. तेव्हा ज्यांनी वेगासाठी म्हणून ही गाडी घेतली त्यांतल्या बहुसंख्यांनी अर्धा सेकंद देऊन कानांचे सुख विकत घेतले. मला यात ढोंग दिसत नाही. शर्यत तासाभराची असते. स्टुटगार्टहून हँबुर्गला जाणे हा दिवसभराचा मामला आहे.

क्रीडामोटारीत ही लढाई विशेष अवघड का, तेही पाहू. रस्त्याचा आवाज दोन वाटांनी येतो. टायरची नक्षी रस्त्यावर आपटून-सुटून जो आवाज हवेत उठतो तो साधारण हजार हर्ट्झच्या आसपास सर्वांत प्रबळ असतो आणि काच, दार, फटी यांतून आत शिरतो. त्याहून खालच्या पट्टीतला घुमारा चाकाकडून धक्काशोषक, सांधे, तळपत्रा असा धातूतून चढतो. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गाच्या काँक्रीटवरून डांबरी रस्त्यावर उतरताना गाडीतला आवाज एकाएकी बदलतो हे अनेकांनी अनुभवले असेल. गाडी तीच, वेग तोच, बदलतो तो खालचा पृष्ठभाग. क्रीडामोटारीचे टायर रुंद, त्यांची कड बुटकी, सांध्यांतले रबर कडक, पत्रा आणि काच पातळ. ज्या गुणांमुळे ती वळणावर रस्त्याला धरून राहते तेच गुण रस्त्याला आत बोलावतात.

हौशी मालकांची नेहमीची चूक अशी, की ते चिकट पट्ट्यांनी सारा पत्रा मढवून काढतात आणि मग आवाज तसाच राहिला म्हणून हताश होतात. पट्टी पत्र्याचे झणझणणे थांबवते. हवेतून येणारा आवाज ती अडवत नाही. पत्र्याच्या मध्यभागी थोडा भाग मढवला तरी तिचे बरेचसे काम झालेले असते. हवेतल्या आवाजाला वजनदार आडोसा हवा, आणि त्याचा हिशेब मोठा कृपण आहे: वजन दुप्पट करावे तेव्हा कुठे सहा डेसिबल कमी होतात, आणि कानाला आवाज निम्मा वाटायला सुमारे दहा डेसिबल लागतात. शिवाय आडोशात शंभरातला एक भाग जरी उघडा राहिला, तरी तो कितीही जाड असो, वीस डेसिबलच्या पलीकडे अडवू शकत नाही. दाराचे झिजलेले रबर आधी बदलावे, मग वजनाच्या गोष्टी कराव्यात. असो.

पोर्शची पुढची वाटचाल मात्र थोडी गमतीची आहे. १९९७ मध्ये ९११ चे हवेने थंड होणारे इंजिन गेले आणि पाण्याने थंड होणारे आले. प्रदूषणाच्या नियमांबरोबर आवाजाचे नियमही त्यामागे होते. गाडी शांत झाली, आणि शांत झाल्याची तक्रार सुरू झाली. २०११ च्या पिढीत इंजिनाच्या श्वासमार्गातली कंपने एका पडद्यामार्फत नळीतून थेट आसनांपर्यंत आणणारी योजना बसवण्यात आली. त्याच वर्षीच्या बीएमडब्ल्यू एम५ मध्ये तर इंजिनाचा आवाज ध्वनिक्षेपकांतून ऐकवला जाऊ लागला. एका बाजूने काच जाड करून आवाज बाहेर ठेवायचा आणि दुसऱ्या बाजूने निवडून-पाखडून आत आणायचा. २०१७ मध्ये पोर्शने 'करेरा टी' काढली. तीत पातळ काचा आणि कमी ध्वनिरोधन होते, वजन सारख्याच सामग्रीच्या साध्या करेरापेक्षा वीस किलोंनी कमी, आणि किंमत मात्र साध्या करेरापेक्षा जास्त.

माझ्या मते ग्राहक इथे गोंधळलेला नाही. त्याला इंजिनाचा नाद हवा आहे आणि टायरची घरघर नको आहे. १९७२ मध्येही त्याला बहुधा हेच म्हणायचे होते. पण पत्र्यावरच्या थराला हा भेद कळत नाही, तो दोन्ही सारखेच गिळतो. विजेच्या गाड्यांनी तर हा प्रश्न पुरताच उघडा पाडला. २०१९ मध्ये पोर्शची टायकान आली तेव्हा झाकणारे इंजिनच उरले नव्हते. उरली ती वाऱ्याची शीळ आणि टायरची घरघर. तिच्यासाठी कृत्रिम आवाज जादा पैसे देऊन घेता येतो.

त्या दोनशे हलक्या गाड्यांना आता लिलावात गालिचावाल्यांपेक्षा बरीच जास्त किंमत येते. आणि जुन्या क्रीडामोटारी शर्यतीसाठी सजवणारी मंडळी तळपत्र्यावर कोरडा बर्फ पसरतात, डांबराची चादर गारठून ठिसूळ झाली की तिच्यावर हातोडीने हलके ठोके घालतात, आणि निघालेले तुकडे बादलीत भरून किती किलो झाले ते काट्यावर पाहतात.