समोर कोण आहे?

इ.स. 632, मार्च महिना. मक्केजवळच्या अराफातच्या माळावर हजारोंच्या गर्दीत तुम्ही उभे आहात. ऊन कलायला लागलंय. मुहंमद पैगंबर कस्वा नावाच्या सांडणीवरून बोलत आहेत. मागच्यांना ऐकू जावं म्हणून रबीआ बिन उमय्या हा खड्या आवाजाचा माणूस त्यांचं एकेक वाक्य पुन्हा पुकारतो आहे.

बोलता बोलता प्रश्न येतो: हा महिना कोणता? ‘पवित्र महिना!’ तुमच्या शेजारचा उंटवाला ओरडतो. ही भूमी कोणती? हा दिवस कोणता? दर वेळी उत्तर गर्दीतूनच येतं. या दिवसांत, या जागी रक्त सांडायचं नाही, हे इथल्या पोरासोरांनाही ठाऊक आहे. त्याच जुन्या श्रद्धेवर आता नवा नियम उभा राहतो: एकमेकांचा जीव आणि मालमत्ता या दिवसाइतकीच पवित्र माना.

उंटवाला मात्र अजून घुटमळतोय. त्याच्या टोळीला एका खुनाचा बदला घ्यायचाय आणि व्याजाचे पैसेही यायचे आहेत. तेवढ्यात पुढचं वाक्य कानावर येतं. जुनी व्याजं रद्द. पहिलं रद्द होतंय ते पैगंबरांचे काका अब्बास यांचं. खुनाचे जुने बदलेही रद्द. त्यातला पहिलाही त्यांच्याच कुळातला. झळ आधी स्वतःच्या घराला लागलेली पाहिल्यावर उंटवाला तक्रार कसली करणार? शेवटी प्रश्न येतो, मी पोचवलं ना? अख्खा माळ हो म्हणतो.

आता साधारण 62 वर्षं पुढे या. इराकमधल्या कूफा शहराच्या मशिदीत तुम्ही बसला आहात. भोवतालचे बरेच जण सेनापती मुहल्लबची छावणी सोडून, खारिजी बंडखोरांविरुद्धची मोहीम अर्धवट टाकून घरी आलेत. नकोशा सुभेदाराला मिंबरवर, म्हणजे मशिदीतल्या व्यासपीठावर, असतानाच खडे मारायचे, ही इथली जुनी खोड. नवा सुभेदार हज्जाज बिन यूसुफ फेट्याने तोंड झाकून मिंबरवर बसतो आणि बोलतच नाही. कुजबुज वाढते. पुढचा एकजण मूठभर खडे उचलतो.

मग हज्जाज उठतो, चेहरा उघडा करतो आणि थेट कवितेने सुरुवात करतो. काव्यावर जीव टाकणाऱ्या शहराचे कान लगेच टवकारतात. पाठोपाठ धमकी: डोकी तोडणीला आलीत, आणि तोडणारा मीच. तीन दिवसांत छावणीत परतला नाही, त्याची मान उडेल. पुढच्याच्या मुठीतले खडे गळून पडतात. नंतर एक म्हातारा, माझ्याऐवजी मुलाला न्या, अशी विनवणी करायला येतो. हज्जाज त्याचं जुनं प्रकरण उकरून त्याला ठार करवतो. छावणीकडे निघालेल्यांची पुलावर झुंबड उडते.

नवव्या शतकात बसऱ्याच्या जाहिजने आपल्या ग्रंथात दोन्ही भाषणं नोंदवली. बोलणं श्रोत्याच्या वकुबाला आणि प्रसंगाला साजेसं हवं, हा नियमही त्याच ग्रंथात आहे. दोन्ही वक्त्यांनी श्रोते अचूक ओळखले होते. फरक इतकाच, की अराफातवर लोकांकडून उत्तर घेतलं गेलं. कूफ्यात ते कुणी मागितलंच नाही. इराकींनी ते 701 मध्ये दिलं. सेनापती इब्न अल-अशअसच्या बंडात ते हज्जाजवर उलटले आणि बंड मोडायला त्याला सीरियाहून फौज मागवावी लागली.