थाळीचा आवाज

आमच्या घराच्या माळ्यावर, कणग्यांच्या मागं, बिस्किटांचा एक पत्र्याचा डबा आहे. त्यात चार-दोन जुने ट्रान्झिस्टर, वितळून डांबरासारखे चिकट झालेले टेपचे पट्टे, लाकडी मुठीचा तांब्याचा एक डागणा आणि एक कॅसेट. डागणा थोरल्या दादाचा. कॅसेटवर दादाच्याच अक्षरात ‘थाळी’ एवढंच लिहिलेलं आहे. डबा उघडला की मला अजून थोडी लाज वाटते. ती का, ते पुढं येईलच.

पेठ तालुका नाशिक जिल्ह्यात असला तरी नाशिकहून तो लांबच वाटतो. सावळघाट उतरायचा, करंजाळी ओलांडायची, पुन्हा कोटंबीचा घाट, मग पेठ. पावसाळ्यात दरड आली की रस्ता बंद. आमच्या पाड्यावर विजेचे खांब यायच्या कितीतरी आधी रेडिओ आला होता. पण डोंगरांच्या कुशीत मुंबई केंद्र दिवसा धड लागायचं नाही. मीडियम वेव्हच्या लहरी दिवसा जमिनीलगत चालतात आणि जितकं चालतील तितक्या थकतात. रात्री त्याच लहरी आकाशातून परतून येतात, म्हणून दिवे लागले की दूरदूरची केंद्रं खणखणीत ऐकू यायची. गुजरात तर आम्हाला शेजारचंच. मराठी बातम्या शोधता शोधता गुजराती भजन लागायचं, आणि आजी तेच चालू ठेवायला सांगायची.

गावाला रेडिओ ऐकवायचे सरकारी प्रयत्न त्याही आधीचे. 1956 साली आकाशवाणीच्या पुणे केंद्रानं युनेस्कोच्या मदतीनं एक प्रयोग केला. तेव्हाच्या मुंबई राज्यातल्या पाच जिल्ह्यांतली सुमारे 150 गावं निवडली, त्यात नाशिक जिल्हाही होता. गावकऱ्यांनी एकत्र बसून शेतीचे, आरोग्याचे कार्यक्रम ऐकायचे, त्यावर चर्चा करायची आणि आपले प्रश्न केंद्राला कळवायचे. दहा आठवड्यांत असे वीस कार्यक्रम झाले. प्रयोग यशस्वी ठरला आणि 1959 पासून तो देशभर नेला. माणसांनी नुसतं ऐकू नये, उलट बोलावंही, हा विचार त्यात होता. पण बोलायचं ते पत्रातून. पेटीतून येणारा आवाज शहराचाच राहिला.

आमच्या घरातला पहिला रेडिओ वडिलांनी पेठच्या बाजारात जुना घेतला. त्याला पोस्टातून काढलेलं लायसन लागायचं. दर वर्षी पैसे भरून पुस्तकात नोंद करून घ्यायची. ती पद्धत 1980 च्या दशकात बंद झाली. लायसनपेक्षा जड जायचे ते सेल. बॅटरीतले सेल मंद झाले की ते रेडिओत यायचे, रेडिओतही दमले की उन्हात वाळत पडायचे. पापडाशेजारी सेल वाळत घातलेले मी लहानपणी रोज पाहिलेत. वाळवलेला सेल दोन-तीन संध्याकाळी आणखी चालायचा.

दादानं इथूनच हात घातला. चार दमलेल्या सेलांना जोडून आणखी दोन दमलेले सेल लावले तर जोर भरून निघेल, हा त्याचा हिशेब. त्यानं बांबूची एक नळी कापली, आत सेल ओळीनं भरले, दोन्ही टोकांना पत्र्याच्या चकत्या बसवल्या आणि तारा रेडिओत नेल्या. रेडिओ महिनाभर वाजला. मग एकदा कुणीतरी त्या नळीत सहाच्या सहा नवे कोरे सेल भरले. सहा व्होल्टच्या पेटीत नऊ व्होल्ट शिरले. आतून करपल्याचा वास आला आणि बातम्या देणारा बाबा गप्प झाला. वडील म्हणाले, “आता तूच बोल त्याच्या जागी.”

तो करपलेला ट्रान्झिस्टर बदलायला दादा पेठच्या एका दुरुस्तीवाल्याकडं गेला आणि तिथंच रमला. दुरुस्तीवाल्याला रेडिओचं शिक्षण नव्हतं. आधी घड्याळं दुरुस्त करायचा, म्हणून हात हलका होता. एसी 128, बीएफ 194 हे आकडे दादाला पाढ्यांसारखे पाठ झाले. वीज नव्हती तेव्हा डागणा चुलीत तापवायचा. जर्मेनियमच्या ट्रान्झिस्टरला उष्णता सोसत नाही, म्हणून डाग देताना त्याचा पाय चिमट्यात धरायचा, म्हणजे उष्णता चिमट्यात उतरते. चिमटा धरायचं काम माझं. “श्वास सोडू नकोस,” दादा म्हणायचा. श्वासाचा आणि डागाचा काही संबंध नाही हे मला फार उशिरा कळलं.

त्यानंतर दादानं साबणाच्या डबीत लोकल सेट बनवला. घरच्या रेडिओला उंचावरची एरियल म्हणून आंब्याच्या झाडावर तांब्याची तार चढवली, तिचं टोक खाली आणून रेडिओभोवती सात-आठ वेढे दिले. तार रेडिओत जोडलेलीसुद्धा नव्हती, तरी मुंबई केंद्र दिवसा लागायला लागलं. रेडिओच्या आत काळी फेराइटची कांडी असते, तीच लहर पकडते. वेढ्यांतून तिला झाडाची ताकद मिळाली. पाड्यावरची माणसं ते बघायला यायची. एक म्हातारी मात्र म्हणाली, “झाडावर वीज पडंल, मंग ऐकत बसा.” पावसाळ्याआधी दादानं तार मुकाट्यानं उतरवली.

मग वीज आली आणि तिच्यामागं टेपरेकॉर्डर आला. फिलिप्स कंपनीनं कॅसेट 1963 साली काढली, पण आमच्याकडं तिचा सुळसुळाट ऐंशीच्या दशकात झाला. शहरात भाग जोडून बनवलेले बिननावाचे टेप स्वस्तात मिळायचे. त्यात टीबीए 810 नावाची आयसी असायची, उडाली की काही रुपयांत बदलता यायची. लग्नात भोंगा आला, माठात स्पीकर उलटा घालून ‘बेस’ काढायची टूम आली. कुणाचा माठ जास्त घुमतो यावर पैजा लागायच्या. गाणी मात्र सगळी सिनेमाची.

टेपला एक लाल बटण होतं. ते कुणी फारसं दाबत नव्हतं. दादानं दाबलं.

आम्ही कोकणा. आमच्याकडं कणसरीची, म्हणजे धान्याच्या देवीची, कथा थाळीवर सांगतात. काशाची थाळी घ्यायची, तिच्या मधोमध मेणानं एक काडी उभी चिकटवायची आणि चिमटीत धरून बोटं वरून खाली ओढत राहायची. काडी थरथरते, तो थरार थाळीत उतरतो आणि भुंग्यासारखा एक घनघोर सूर निघतो. त्या सुरावर कथेकरी रात्रभर कथा सांगतो, दुसरा झील धरतो. हे थाळगान. लेखी काही नाही, सगळं पाठ. आमच्या शेजारच्या पाड्यावर एक म्हातारे कथेकरी होते. त्यांच्या मुलांपैकी कुणी थाळी धरली नव्हती.

दादा टेप घेऊन त्यांच्याकडं गेला. पहिल्या रात्री टेपच्याच माइकवर कथा घेतली. सकाळी ऐकवली तर मोटरची घरघर सगळ्यात मोठी. दुसऱ्या वेळी दादानं टेपच्या बाहेर माइक काढला. शर्टाच्या बटणाएवढी कंडेन्सर माइकची बोंडी, जाळीची तार, वर सुती फडक्याची गुंडाळी. मोटर गेली, पण एलिमिनेटरमधून विजेची हूं-हूं आली. ती थाळीच्याच जातीची. कुठं थाळी संपते आणि कुठं वीज सुरू होते ते कळेना. तिसऱ्या वेळी एलिमिनेटर काढून नवे सेल घातले. आता सगळं साफ आलं असं आम्हाला वाटलं.

म्हाताऱ्यांनी मान खाली घालून ऐकलं. मग विचारलं, “थाळी कुठंय?”

“आहे ना बाबा, ऐका की.”

“मी बोलतो तवा ती नाही. मी दम घेतो तवा बोंबलते. आरं, थाळी कथेच्या खाली पाहिजे. सगळा वेळ. जमिनीसारखी.”

त्यांचं खरं होतं. दादा दोन दिवस सर्किट उलगडून बसला, मग पेठला जाऊन दुरुस्तीवाल्याबरोबर बसला. दोष सापडला, आणि तो बिघाड नव्हताच. स्वस्त टेपमध्ये आवाजाची पातळी आपोआप सांभाळणारी सोय असते. मोठा आवाज आला की ती सगळंच दाबते, शांत झालं की सगळंच वर उचलते. एका माणसाचं भाषण घ्यायला ती फार सोयीची. पण बोलणं आणि सूर एकाच वेळी, एकमेकांच्या आधारानं चालतात, हे ती पेटी बनवणाऱ्याच्या मनातच नव्हतं. कथेकऱ्यानं आवाज चढवला की ती थाळीला दाबून टाकायची.

दादानं त्या सोयीच्या वाटेतल्या एका भागाचा पाय उचलला, म्हणजे डाग सोडवून मोकळा केला, आणि त्याऐवजी रेडिओतलं जुनं व्हॉल्यूमचं बटण बसवलं. आता पातळी माणसानं हातानं सांभाळायची. टेपच्या बाजूला डागण्यानं भोक पाडलं, त्यातून बटणाची दांडी बाहेर काढली. दिसायला टेप विद्रूप झाला. वडील म्हणाले, “चांगल्या वस्तूचं वाटोळं केलं.”

चौथ्या रात्री मी बटणावर बसलो. दादा कानाला इअरफोन लावून डोळ्यांनी खुणावायचा. म्हाताऱ्यांनी पहाटेपर्यंत कथा सांगितली, पण आमच्याकडं कॅसेटी तीनच, एका बाजूला अर्धा तास. तीन तासांनंतर टेप बंद आणि कथा चालूच. सकाळी त्यांना ऐकवलं. थोडा वेळ ते बोलले नाहीत. मग त्यांच्या बोटांची चिमूट आपोआप हवेत वरून खाली ओढली जायला लागली. दादा माझ्याकडं बघून हसला.

पुढच्या पावसाळ्यात म्हातारे गेले.

आता लाजेची गोष्ट. कॅसेटच्या पाठीवर प्लॅस्टिकच्या दोन बारीक पट्ट्या असतात. त्या मोडल्या की त्यावर पुन्हा रेकॉर्ड होत नाही. दादानं तिन्ही कॅसेटींच्या पट्ट्या मोडल्या होत्या. पण त्या खाचांत कागदाचा बोळा कोंबला की टेप फसतो, ही युक्ती मला दादानंच शिकवलेली. तो कामाला नाशिकला गेला. मी नववीत होतो. मामाच्या मुलाच्या लग्नात वाजवायला सिनेमाची गाणी हवी होती आणि कोरी कॅसेट घ्यायला पैसे नव्हते. मी कागद कोंबला. दोन कॅसेटी गेल्या. लग्नात गाणी खूप वाजली, लोक नाचले, मीही नाचलो.

दादाला सांगितलं तेव्हा तो रागावला नाही. उरलेली कॅसेट हातात फिरवत म्हणाला, “पट्टी मोडली तेव्हाच खाच सिमेंटनं भरायला पाहिजे होती.” मग हसला. मला मात्र त्यानं थोबाडीत मारली असती तर बरं वाटलं असतं.

दादाच्या हातानं पाड्यावरची कितीतरी पोरं तयार झाली. कुणी बोर्ड जोडून अ‍ॅम्प्लिफायर विकले, कुणी मोबाइल उघडायला शिकलं. कुणी त्याला छंद म्हटलं नाही. ‘खाज’ म्हणायचे. “ह्याला खाज आहे, चालू वस्तू उघडायची.” पण न उघडता मिळालेल्या वस्तूत आमची थाळी बसत नव्हती, एवढं मला त्या चार रात्रींनी शिकवलं.

गेल्या वर्षी पुतण्यानं नवा पट्टा मागवून तो विद्रूप टेप चालू केला. मोटरच्या पाठीमागच्या भोकात बारीक स्क्रू ड्रायव्हर घालून वेग जुळवला. मी आठवणीनं सांगायचो, “अजून जड होता त्यांचा आवाज,” आणि तो स्क्रू केसाएवढा फिरवायचा. मग त्यानं ते मोबाइलवर घेतलं आणि ऐकवलं. म्हातारे बोलत होते, अगदी स्वच्छ. खाली काहीच नव्हतं.

मी विचारलं, “थाळी कुठंय?”

“काका, ती मागची घरघर ना? नको असलेला आवाज मोबाइल आपोआप काढून टाकतो.”

मी त्याला शेजारी बसवलं आणि चार रात्रींची गोष्ट सांगितली. तो ऐकत ऐकतच मोबाइलमधल्या सोयी धुंडाळत होता. एक बंद केली, जमलं नाही. दुसरी बंद केली. शेवटी माइक बाजूला ठेवून टेपमधून थेट कॉम्प्युटरला तार जोडली. त्या तारेला डाग द्यायची वेळ आली तेव्हा मी न सांगता चिमटा हातात घेतला. श्वासही धरला.

या वेळी थाळी आली, कथेच्या खाली, सगळा वेळ. एक तास. पुतण्यानं त्याच्या तीन प्रती केल्या आणि तीन घरांत ठेवल्या. त्यातली एक कथेकऱ्यांच्या नातीकडं आहे. तिनं घरातली काशाची थाळी घासून खाली काढली आहे, मेण कुठं मिळेल म्हणून ती परवा विचारत होती.