चांद्याची नाणी: काठावर हरवलेले राजाचे नाव

#थ्रेड

१/
एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस चांदा जिल्ह्यात सातवाहनांच्या नाण्यांचा एक साठा उजेडात आला. त्यात सोने नव्हते, चांदीही नव्हती. होती ती लहान, काळवंडलेली, मोडीत कोणी विचारणार नाही अशी नाणी. जुन्या नाण्याचे मोल नेमके कशात असते, याचे उत्तर मात्र या साठ्यात दडलेले आहे.

२/
तेव्हाच्या चांदा जिल्ह्यात आजचे चंद्रपूर आणि गडचिरोली हे दोन्ही वनप्रदेश येत. गडचिरोली वेगळा झाला तो २६ ऑगस्ट १९८२ रोजी. त्यामुळे जुन्या ग्रंथांत ‘चांदा’ एवढाच उल्लेख आढळला, तर तो आजच्या एकाच जिल्ह्याचा समजू नये.

३/
ही नाणी पोटीनची, म्हणजे तांबे, कथील आणि शिसे यांच्या मिश्रधातूची. एका बाजूस सोंड उंचावलेला हत्ती आणि त्याच्याभोवती ब्राह्मी लिपीत, प्राकृत भाषेत राजाचे नाव. दुसऱ्या बाजूस चार वर्तुळे फुलीने जोडलेले ‘उज्जयिनी चिन्ह’.

४/
अडचण येते ती नावापाशी. ठसा मोठा आणि धातूची चकती लहान, त्यामुळे काठावरची अक्षरे अनेकदा चकतीबाहेरच राहून जातात. ‘सातकणि’ हा भाग उरला, तरी तो अनेक राजांच्या नावात असतो. ज्या दोन-तीन अक्षरांनी राजा ओळखायचा, नेमकी तीच नसतात. नाणे अस्सल, पण कोणाचे ते सांगता येत नाही.

५/
अमेरिकेतील संग्राहकांनाही अशीच अडचण परिचित आहे. तेथील पाच सेंटच्या नाण्याला धातूवरून ‘निकेल’ म्हणतात. १९१३ ते १९३८ या काळातील ‘बफेलो निकेल’वर सालाचे आकडे उंचवट्यावर होते, वापरात तेच आधी झिजले. साल गेले की नाणे कवडीमोल ठरते. आम्ल लावून आकडे पुन्हा दिसू लागतात, पण पृष्ठभाग करपतो आणि संग्राहक असे नाणे खालच्या प्रतीचे मानतात.

६/
आता पुन्हा चांद्याकडे. १९०८ मध्ये ई. जे. रॅप्सन यांनी ब्रिटिश म्युझियमसाठी आंध्र, म्हणजेच सातवाहन, नाण्यांची सूची प्रसिद्ध केली. चांद्याच्या साठ्यातील काही नाण्यांवर त्यांनी एका राजाचे नाव ‘कृष्ण’ असे वाचले. पुरावा तुटपुंजा होता, तरी तीस वर्षे हेच वाचन रूढ राहिले.

७/
१९३९ मध्ये तत्कालीन अकोला जिल्ह्यातील, आज वाशिममध्ये असलेल्या तऱ्हाळा गावी दीड हजारांहून अधिक सातवाहन नाणी एकत्र सापडली. नागपूरचे महामहोपाध्याय वासुदेव विष्णु मिराशी यांनी ती अभ्यासली. तेथील नाण्यांच्या आधारे त्यांनी दाखवले की, ते नाव ‘कृष्ण’ नसून ‘कर्ण’ आहे.

८/
एकट्या नाण्याला न जमणारे हे काम साठा करतो. एका नाण्यावर नावाचा आरंभ उमटलेला असतो, दुसऱ्यावर मध्य, तिसऱ्यावर शेवट. तुकडे शेजारी ठेवले की लेख पुरा होतो. तऱ्हाळ्याच्या नाण्यांनी कुंभ सातकर्णी, शक सातकर्णी अशी पुराणांच्या राजावळीत नसलेली नावेही पुढे आणली.

९/
हाच साठा आठ बाजारांत विखुरला असता तर? नाणी कदाचित टिकली असती, पण कोणती कोणाबरोबर पुरली होती, हे कायमचे हरपले असते. कोणते राजे एकमेकांच्या जवळच्या काळातले, हा पुरावा त्या सोबतीतच असतो.

१०/
१८७८ चा निखात निधी कायदा येथे महत्त्वाचा आहे. जमिनीत दडलेला दहा रुपयांहून अधिक किमतीचा निधी सापडल्यास जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवणे बंधनकारक आहे. शासनाने तो संपादित केला, तर मोबदला धातूची किंमत अधिक तिचा एक-पंचमांश. पोटीनच्या बाबतीत ही रक्कम किती अल्प, हे सांगायला नको. सापडलेली नाणी गुपचूप विकण्याचा मोह येथेच जन्म घेतो.

११/
म्हणून अशा नाण्याचे मोल ठरवताना पाहायचे ते हे: राजाचे नाव वाचता येते का? पृष्ठभाग मूळचा आहे का? नाणे कोठे आणि कोणत्या नाण्यांसोबत मिळाले? चिंच-मिठाने घासून चकचकीत केलेले नाणे पहिल्या दोन कसोट्यांवर घसरते. सापडल्या जागेची नोंद नसलेले नाणे तिसरीवर नापास होते.

१२/
तराजू धातू तोलतो आणि बाजार दुर्मीळता. चांद्याच्या त्या मळकट नाण्यांपाशी या दोन्हींहून वेगळे काही होते: एका विस्मृत राजाच्या नावाची काही अक्षरे. ती पुरती वाचली गेली, कारण तऱ्हाळ्याचा साठा विखुरण्याआधी अभ्यासकाच्या हाती पोहोचला.