परवाना कोणाच्या नावाचा?

परमुलखात नोकरीला निघालेला माणूस पगार किती हे विचारतो, काम काय हे विचारतो, राहण्याजेवण्याचे काय होईल हेही विचारतो. परवाना कोणाच्या नावाचा, हे मात्र सहसा कोणी विचारीत नाही. आणि मागच्या दोनशे वर्षांचा इतिहास चाळला तर पगाराचे, कामाचे आणि राहण्याचे काय व्हावयाचे ते या न विचारलेल्या प्रश्नावरच ठरत आलेले दिसते. आज आपल्या गावांतून संगणकाचे प्रोग्राम लिहिणारी मुलेमुली अमेरिकेस, जर्मनीस जातात. त्यांच्या घरी गेलो की पहिला शब्द कानी पडतो तो 'स्पॉन्सर'. स्पॉन्सर म्हणजे 'हा माणूस मला हवा आहे' असे त्या देशाच्या सरकारला लिहून देणारी कंपनी. तो मिळाला की पेढे वाटले जातात. पेढ्यांना माझी हरकत नाही; पण त्या कागदाची वंशावळ पाहण्यासारखी आहे.

२ नोव्हेंबर १८३४ रोजी 'अ‍ॅटलस' नावाचे जहाज मॉरिशसच्या पोर्ट लुईस बंदरास लागले. त्यात कलकत्त्याहून आणलेले ३६ मजूर होते. ब्रिटिश साम्राज्यात गुलामगिरी रद्द होत होती आणि उसाच्या मळ्यांना माणसे हवी होती. मजुरांनी पाच वर्षांच्या करारावर आंगठे उठविले होते. 'अ‍ॅग्रीमेंट'चे पुढे 'गिरमिट' झाले ते याच चालीतून. पुढे मुंबई बंदरातूनही माणसे गेली. मॉरिशसमधील मराठी समाज त्यांचाच, आणि गणेशचतुर्थी तेथे आजही सार्वजनिक सुटीचा दिवस आहे. त्या करारातली मेख मजुरीत नव्हती. काम सोडणे हा फौजदारी गुन्हा होता, ही ती मेख. धनी वाईट निघाला तर दुसऱ्याकडे जाण्याची वाट नव्हती. जी होती ती तुरुंगाकडे जात होती. नामदार गोखल्यांनी १९१० साली वरिष्ठ कायदेमंडळात ठराव आणून नाताळकडची भरती बंद करण्यास सरकारला भाग पाडले. १९१२ साली त्यांनी ही पद्धतच सर्वस्वी रद्द करावी असा ठराव मांडला, तो सरकारी बहुमताने पडला. भरती थांबावयास १९१७ साल उजाडले.

येथे कोणी म्हणेल, उसाच्या मळ्यातील मजूर कोठे आणि वातानुकूलित कचेरीतील अभियंता कोठे! खरे आहे. प्रोग्रामरला काम सोडल्याबद्दल कोणी तुरुंगात घालीत नाही आणि त्याचा पगार तेथल्या पुष्कळ नागरिकांहून जास्त असतो. तुलना ताणू नये. परंतु दोरी रेशमाची झाली म्हणून ती दोरी नाही असे होत नाही. आणि गाठ कोठे मारली आहे हे पाहणे हे आम्हा युनियनवाल्यांचे कामच आहे.

अमेरिकेत ही गाठ कशी पडली? १८८४ साली नारायण मेघाजी लोखंडे मुंबईत गिरणी कामगारांच्या सभा भरवीत होते. त्याच सुमारास तिकडील कामगार संघटना परदेशाहून करारावर मजूर आणण्याविरुद्ध झगडत होत्या. १८८५ साली तेथील काँग्रेसने तसा मजूर आणण्यास बंदी करणारा कायदा केला. गंमत अशी की त्या बंदीतून नट, गवई, घरगडी आणि व्याख्याते यांना सूट होती. तेव्हा या व्यासपीठावरील वक्त्यांना तेव्हाही काळजी नव्हती! बाकीच्या हिंदी माणसांना मात्र १९१७ आणि १९२४ च्या कायद्यांनी दार बंद झाले. १९४६ साली ते किलकिले झाले, म्हणजे वर्षाला शंभर माणसे. १९५२ च्या कायद्यात 'एच-१' हा तात्पुरता परवाना आला, तो असाधारण गुणवत्तेच्या परदेशी माणसासाठी. १९६५ साली देशवार जुना कोटा गेला आणि आपले डॉक्टर, अभियंते कायमच्या वास्तव्यासाठी जाऊ लागले.

इकडे मुंबईत १९६८ साली टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेस सुरू झाली आणि १९७४ पासून अमेरिकेच्या बरोज या संगणक कंपनीच्या संबंधातून तिने बाहेरचे काम घेण्यास आरंभ केला. त्या काळी संगणक आयात करणे महाकठीण, जकात जबर. तेव्हा यंत्र इकडे आणण्यापेक्षा माणूस यंत्राकडे पाठविणे स्वस्त पडे. येथूनच एक निराळा धंदा उभा राहिला : माणसे नेमावयाची एका कंपनीने, राबावयाची दुसऱ्या कंपनीत, आणि मधल्या फरकावर तिसऱ्याने जगावयाचे.

१९९० च्या अमेरिकन कायद्याने या वाहतुकीला नाव दिले 'एच-१बी' आणि मर्यादा घातली वर्षाला ६५,०००. पद्धत अशी : कंपनीने प्रथम तेथील कामगार खात्याला लिहून द्यावयाचे की, या कामाचा त्या भागात जो चालू दर आहे त्याहून कमी पगार देणार नाही. मग तिनेच परदेशी नागरिकांच्या खात्याकडे अर्ज करावयाचा. अर्जदार कंपनी, ज्याच्यासाठी अर्ज, तो केवळ 'लाभार्थी'. जन्मभर ज्याने अभ्यास केला, घरदार सोडून जो निघाला, त्याचे या कागदावरील नाव हे! अर्ज मर्यादेहून फार आले म्हणजे चिठ्ठ्या टाकावयाच्या. २००७ पासून हा प्रकार अनेक वर्षे घडला.

माझे वडील गिरणीत बदली कामगार होते. बदलीवाला रोज सकाळी दरवाज्याशी उभा राही. मुकादमाने बोट केले तर काम, नाही तर घरी. मुकादम भरती करी, दस्तुरी खाई. १९३५ साली मुंबईच्या गिरणीमालकांनी बदली कामगारांच्या नोंदणीची पद्धत आणली ती मुकादमाची ही सद्दी मोडण्यासाठीच. पुढे सॉफ्टवेअरच्या धंद्यात 'बेंच' हा शब्द मी ऐकला तेव्हा मला अर्थ विचारावा लागला नाही. माणूस परवान्यावर नेला, गिऱ्हाइकाचे काम मिळाले नाही, तोवर तो बाकावर, आणि पुष्कळ ठिकाणी बिनपगारी. हे इतके बोकाळले की १९९८ च्या कायद्याने त्याला मनाई करावी लागली : काम नाही हा धन्याचा प्रश्न, पगार चालू राहिला पाहिजे. त्याच कायद्याने अर्जावर ५०० डॉलरची जादा फी बसविली आणि ती कामगाराकडून वसूल करता येणार नाही असे ठरविले. तरीही दोन वर्षांपूर्वी आमच्या कचेरीत एक मुलगा आला होता. एका दलालाने 'स्पॉन्सर मिळवून देतो' म्हणून त्याच्याकडून पैसे घेतले होते आणि वर, ठरल्या मुदतीआधी नोकरी सोडल्यास दंड, असा बाँड लिहून घेतला होता. बाँड इंग्रजीत होता. मुलाला इंग्रजी उत्तम येत होते. त्याने तो वाचला नव्हता.

गाठ सैल झाली ती दोनदा. २००० सालच्या कायद्याने असे ठरले की, नव्या कंपनीने अर्ज दाखल करताच कामगाराने तिच्याकडे रुजू व्हावे, मंजुरीची वाट पाहू नये. माझ्या मते त्या सबंध कायद्यातील ही सर्वांत मोलाची ओळ होय. वर्षाची मर्यादा १,९५,००० पर्यंत वाढविली तिचीच चर्चा अधिक झाली, आणि ती वाढ तर तीन वर्षांत संपली. दुसरी सैल २०१७ ची. तोवर नोकरी गेली की वास्तव्याचा हक्कही तेथेच संपे. २००१ च्या मंदीत किती जणांनी भाड्याच्या घरातले सामान रातोरात विकले असेल! २०१७ पासून ६० दिवसांपर्यंतची सवलत मिळाली. २०२२-२३ मध्ये मोठमोठ्या कंपन्यांनी हजारोंनी माणसे कमी केली तेव्हा ते साठ दिवस किती तोकडे आहेत हेही कळले. साठ दिवसांत नोकरी शोधावयाची, आणि तीही नवा अर्ज करण्यास राजी असलेल्या कंपनीतच.

कायमच्या वास्तव्याची रांग ही तर गाठीवरची गाठ. नोकरीच्या आधारे वर्षाला सुमारे १,४०,००० परवाने, आणि जन्मदेशावरून कोणाही एका देशाला साधारण सात टक्के. भारतात जन्मलेल्यांची रांग दशकांनी मोजावी लागते. सहा वर्षांची मूळ मुदत या रांगेपायी वाढवून मिळते खरी. पण या काळात कंपनी बदलली तर नव्या धन्याला बराच कागदव्यवहार पुन्हा करावा लागतो, आणि तो त्याने करावा म्हणून माणूस पगारवाढ मागावयास कचरतो. मूल एकवीस वर्षांचे झाले की त्याची वाट निराळी होते.

आता अमेरिकन कामगाराची बाजू. फ्लोरिडातील एका बड्या करमणूक कंपनीने काही वर्षांपूर्वी आपल्या सुमारे अडीचशे संगणक कर्मचाऱ्यांना काढण्याचे ठरविले आणि त्यांतील कित्येकांना, जाण्यापूर्वी आपल्या जागी येणाऱ्यांना काम शिकवावे लागले. येणारे पुष्कळसे आपले होते. त्या माणसांच्या संतापाला आपण वंशद्वेष म्हणून झटकून टाकू नये. जो कामगार धनी सोडू शकत नाही तो स्वस्तात राबतो आणि शेजाऱ्याचा भाव पाडतो, हे आम्ही गिरणगावातही पाहिले आहे. उपाय मात्र त्याला हाकलणे हा नव्हे, त्याला धनी बदलण्याची मोकळीक देणे हा आहे.

तशी मोकळीक देता येत नाही असेही नाही. कॅनडाने १९६७ साली गुणांची पद्धत आणली : शिक्षण, वय, भाषा, अनुभव यांना गुण, आणि पुरेसे गुण मिळाले तर कायम वास्तव्याचा परवाना माणसाच्या स्वतःच्या नावे. जर्मनीने २००० साली संगणकतज्ज्ञांसाठी २०,००० परवान्यांची योजना काढली तेव्हा तेथील एका पुढाऱ्याने, भारतीय आणण्यापेक्षा आपली मुले शिकवा, अशी हाकाटी केली. त्याच जर्मनीने २०२३ साली पदवी नसलेल्या पण अनुभवी संगणकतज्ज्ञांनाही दार उघडले आणि १ जून २०२४ पासून, हाती नोकरी नसताना वर्षभर तेथे राहून ती शोधण्याचा परवाना देण्यास प्रारंभ केला.

अमेरिकेत १९ सप्टेंबर २०२५ रोजी राष्ट्राध्यक्षांनी घोषणापत्र काढले : देशाबाहेरील माणसासाठी करावयाच्या नव्या एच-१बी अर्जावर एक लाख डॉलर भरावेत. मुदत बारा महिन्यांची ठेविली. रक्कम भरावयाची कंपनीने. पण एवढी रक्कम भरणारा धनी त्या माणसाला सहजी सोडील काय, हे विचारणारा लेख मला त्या दिवसांत कोठे दिसला नाही.

आपल्याकडे १९८३ च्या स्थलांतर कायद्याने भरती करणाऱ्या दलालांची नोंदणी सक्तीची केली. त्याचा मुख्य रोख आखाताकडे जाणाऱ्या कमी शिकलेल्या मजुरांवर होता. अभियंता शिकलेला, तो आपले पाहून घेईल, अशी समजूत. त्याने निदान एवढे पाहावे : कामगार खात्याला दिलेल्या त्या लेखी हमीची प्रत, कामावर रुजू होईल त्या दिवसापर्यंत कामगाराच्या हाती देणे अमेरिकेतील धन्यावर बंधनकारक आहे. पगाराचा दर आणि कामाचे ठिकाण तीवर लिहिलेले असते. ती मागून घ्यावी, आणि एक प्रत घरी धाडावी.