जालोपकरण-नामसंगती

जालोपकरण-नामसंगती : संगणक सुरू करणारा बूटलोडर व त्याच्याकडून ताबा घेणारा कर्नल यांनी एकाच जालोपकरणाची एकच ओळख मानण्याची व्यवस्था.

लिनक्स कर्नल (पहा : लिनक्स) नेटवर्क कार्डांना ती ज्या क्रमाने सापडतील त्या क्रमाने ‘ईथ०’, ‘ईथ१’ अशी नावे देतो, परंतु व्होल्फगांग डेंक यांनी आरंभिलेला यू-बूट (पहा : बूटलोडर) आपली गणना स्वतंत्रपणे करीत असल्याने, ज्या पोर्टावरून कर्नल उतरवून घेतला तोच पोर्ट पुढे निराळ्या नावाने दप्तरी दाखल होण्याचा संभव असतो.

यू-बूट हा डिव्हाइस ट्री या हार्डवेअर-वर्णनामधील ‘इथरनेट०’ यांसारख्या उपनावांचा आधार घेऊन त्या त्या पोर्टाच्या नोंदीत ४८ बिटांचा मॅक पत्ता (पहा : मॅक पत्ता) लिहून ठेवतो, आणि कर्नलचा ड्रायव्हर तोच पत्ता उचलतो, मात्र उपनावावरून नाव ठेवण्यास कर्नल बांधील नाही, म्हणून पत्ता हीच अधिक भरवशाची खूण होय. जालावरून संगणक सुरू करणारा पीएक्सईलिनक्स हा बूटलोडर हाच पत्ता ‘बूटआयएफ’ या प्राचलाने कर्नलकडे सोपवू शकतो. २०१३ मधील सिस्टमडी या लिनक्सच्या प्रणाली-व्यवस्थापकाच्या १९७ व्या आवृत्तीपासून स्थाननिष्ठ नावांचा पर्याय रूढ झाला.

मूळ फाइलव्यवस्था एनएफएसवरून (पहा : एनएफएस) घ्यावयाची असता ‘आयपी’ प्राचलातील उपकरणनाम कर्नलच्या आरंभीच्या नावाशी जुळावे लागते, यूडेव्ह या उपकरण-व्यवस्थापकाने मागाहून केलेले नामांतर तेथे उपयोगी पडत नाही.