विमानाच्या पट्टीवर कोणाचे नाव?

अमेरिकेत घरच्या गॅरेजमध्ये बांधलेल्या विमानावर धातूची एक लहानशी पट्टी बसवावी लागते. आगीतही टिकेल अशा त्या पट्टीवर निर्मात्याचे नाव कोरलेले असते. बोइंगच्या विमानावर बोइंगचे नाव असते. इथे मात्र नाव असते ते गॅरेजच्या मालकाचे. तो शाळामास्तर असेल, दातांचा डॉक्टर असेल किंवा निवृत्त पोस्टमन असेल. पंखांचे पत्रे आणि पुस्तकभर सूचना एखाद्या कंपनीने खोक्यांत घालून पाठवलेल्या असल्या, तरी कायद्याच्या लेखी ‘निर्माता’ तोच. ही व्यवस्था कोणी एका दिवसात बसून ठरवलेली नाही. तिच्यामागे बरीच मोडतोड आहे आणि काही मृत्यूही.

हौशी माणसाने स्वतः विमान बांधावे ही कल्पना जवळजवळ विमानाइतकीच जुनी. अल्बेर्तो सांतोस द्युमाँ या ब्राझीलच्या, पण पॅरिसमध्ये राहणाऱ्या उमद्या गृहस्थाने बांबूच्या सांगाड्याचे ‘देम्वाझेल’ हे चिमुकले विमान बनवले आणि त्याचे पेटंट घेण्याचे नाकारले. 1910 मध्ये त्याचे आराखडे ‘पॉप्युलर मेकॅनिक्स’ या अमेरिकन मासिकात छापून आले. पण घरोघरी विमान ही खरी लाट आली ती पाव शतकाने, फ्रान्समध्येच, आँरी मिन्ये याच्यामुळे.

मिन्येच्या मते विमान अवघड झाले होते ते हातांनी एक आणि पायांनी दुसरे असे एकाच वेळी सांभाळावे लागत असल्याने. म्हणून त्याने पायांचे काम काढूनच टाकले. पंखांच्या टोकांची हलती झडप, म्हणजे एलेरॉनही नाही. एकामागे एक असे दोन पंख. पुढचा पंख बिजागरीवर हलणारा. हातातला दांडा मागे ओढला की पुढचा पंख तिरपा होई आणि नाक वर येई. दांडा बाजूला केला की रडर वळे. 10 सप्टेंबर 1933 रोजी हे विमान उडाले. त्याचे नाव ‘पू द्यू सिएल’, म्हणजे आकाशातली ऊ. (इंग्रजांनी या उवेची पिसू केली, कदाचित ती उडी मारते म्हणून.) पुढच्याच वर्षी मिन्येने पुस्तक काढले, आणि त्यात लाकूड कसे निवडावे इथपासून उडायला कसे शिकावे इथपर्यंत सारे सांगितले. जुजबी सुतारकाम येणाऱ्या कोणालाही हे जमेल, हा त्याचा भरवसा पानापानांवर होता. 1935 मध्ये इंग्रजी भाषांतर निघाले आणि काही आठवड्यांत हजारो प्रती खपल्या. ब्रिटनभर शेडमध्ये, कोठारांत, दिवाणखान्यांतसुद्धा करवती चालू झाल्या. खुद्द मिन्ये त्या ऑगस्टमध्ये आपली ‘ऊ’ घेऊन इंग्लिश खाडी ओलांडून आला. लोकांना आणखी कसला पुरावा हवा होता?

ब्रिटिश हवाई मंत्रालयाने या विमानांसाठी सोपा परवाना काढला. 1936 च्या वसंतात मात्र माणसे मरू लागली. अपघातांची तऱ्हा सारखीच होती. विमान नाक खाली करून सूर मारी आणि त्यातून बाहेर येतच नसे. मेलेल्यांत अननुभवी हौशीच होते असे नाही, हवाई दलाचे सरावलेले वैमानिकही होते. म्हणजे दोष हातांचा नव्हता.

मग फ्रान्समध्ये शाले-म्यूदाँ आणि इंग्लंडमध्ये फार्नबरो येथील मोठ्या विंड टनेलमध्ये अख्खे विमान ठेवून तपासले गेले, तेव्हा कोडे उलगडले. दोन पंखांमधली फट अरुंद होती. नाक फार खाली गेले असता वैमानिकाने दांडा मागे ओढला, की पुढच्या पंखाची मागची कड खाली येई, फट आणखी आवळे, आणि तीतून जाणाऱ्या हवेमुळे मागच्याच पंखाला जास्त उचल मिळे. शेपटाकडची बाजू वर, नाक आणखी खाली. जीव वाचवण्यासाठी जी हालचाल माणूस सहजी करणार, तीच त्याला जमिनीकडे नेत होती. त्यातच प्रत्येकाचे इंजिन वेगळे, वजन वेगळे, म्हणून विमानाचा तोलही घराघरांत वेगळा. ब्रिटनने नवे परवाने बंद केले. मिन्येने आराखडा सुधारला, आयुष्यभर नवनवी विमाने काढली, पण गेलेला लौकिक परतला नाही.

मिन्येला लबाड म्हणता येणार नाही. तो स्वतः तेच विमान उडवत होता. पण त्याने आराखडा हजारो लोकांच्या हाती आधी दिला आणि त्याची नीट परीक्षा नंतर झाली. दोष मिन्येचा, खिळे ठोकणाऱ्याचा, की परवाना देणाऱ्याचा, याचे उत्तर तेव्हाच्या कायद्यात नव्हते.

ते उत्तर अमेरिकेने आपल्या पद्धतीने शोधले. 1953 च्या जानेवारीत पॉल पोबरेझ्नी याने मिलवॉकीत हौशी बांधकाऱ्यांची संघटना स्थापन केली. 1955 मध्ये त्याच्याच लेखांतून, इंजिनासह 800 डॉलरांच्या आत विमान कसे बांधावे, हे एका मासिकाच्या वाचकांना कळले. सरकारने ‘प्रायोगिक’ असा वेगळा वर्ग मान्य केला होता. अट अशी, की निम्म्याहून अधिक काम हौशी माणसाने स्वतःच्या शिक्षणासाठी वा करमणुकीसाठी केलेले असावे. बोलीभाषेत हाच ‘51 टक्क्यांचा नियम’. बदल्यात सरकार विमान निर्दोष असल्याची हमी देत नाही. आत पाटी लावून प्रवाशाला ते सांगावेच लागते. सुरुवातीचे ठरावीक तास, साधारण 25 ते 40, हद्द आखून दिलेल्या भागात आणि प्रवाशाविना उडवायचे. बांधणाऱ्याला आपल्या त्या एका विमानाची वार्षिक तपासणी स्वतः करण्याचा दाखला मिळतो. विमान विकले तर तो दाखला विकत घेणाऱ्याकडे जात नाही. मला या साऱ्या व्यवस्थेत सर्वांत शहाणपणाचे कलम हेच वाटते.

त्याचे कारण जॉन डेन्व्हर या गायकाच्या मृत्यूत दिसते. बर्ट रुटान याच्या आराखड्यावरून कोणीतरी बांधलेले ‘लाँग-ईझी’ त्याने विकत घेतले होते. इंधनाची टाकी बदलण्याची कळ आराखड्यात वैमानिकाच्या हाताशी होती. बांधणाऱ्याने ती त्याच्या डाव्या खांद्यामागे नेली. ऑक्टोबर 1997 मध्ये कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्याजवळ विमान समुद्रात कोसळले, आणि चौकशीत त्या कळीची जागा हे एक कारण ठरले. बांधणाऱ्याला ती कळ पाठ होती. नव्या मालकाला नव्हती. रुटानने तर 1985 मध्येच आराखडे विकणे थांबवले होते. दुसऱ्याच्या हातून झालेल्या कामाबद्दल आपण कोर्टात उभे राहू, ही त्याची धास्ती.

आज चलती आहे ती सुट्या भागांच्या किटची. ओरेगनच्या ‘व्हॅन्स एअरक्राफ्ट’ची दहा हजारांहून अधिक विमाने गॅरेजांतून बाहेर पडून उडाली. पत्र्यात भोके आधीच पाडलेली असतात. घरी रिव्हेट ठोकत बसायचे, संध्याकाळ मागून संध्याकाळ. 2023 मध्ये लेझरने कापलेल्या भोकांच्या कडांना चिरा पडताना दिसल्या आणि ती कंपनी दिवाळखोरीच्या संरक्षणाखाली गेली. गॅरेजागॅरेजांत अर्धवट पंखांपुढे माणसे विचारात पडली: हे भाग ठेवायचे की उसवायचे? निर्णय पट्टीवर ज्याचे नाव येणार होते त्याचा होता.

आपल्याकडे गॅरेज कोणाला? मुंबईच्या कांदिवलीत अमोल यादव या वैमानिकाने इमारतीच्या गच्चीवर विमान बांधले, तेही किटवरून नव्हे, तर स्वतःच्या आराखड्याने. फेब्रुवारी 2016 मध्ये वांद्रे-कुर्ला संकुलातल्या ‘मेक इन इंडिया’ प्रदर्शनात लोकांनी ते पाहिले. नोंदणी झाली नोव्हेंबर 2017 मध्ये, म्हणजे पावणेदोन वर्षांनी. उडण्याची परवानगी 2019 मध्ये, आणि धुळ्याच्या धावपट्टीवरून उड्डाण 2020 मध्ये. नोंदणीची अक्षरे व्हीटी-एनएमडी. त्यातली शेवटची तीन नरेंद्र मोदी आणि देवेंद्र फडणवीस यांच्या नावांवरून, त्यांनी केलेल्या मदतीच्या कृतज्ञतेपोटी निवडलेली.